पुणे ते सोलापूर विमानाने खरंच १७ मिनिटं? हवाई अंतर आणि उड्डाणाच्या वेळेचं गणित समजून घ्या, पळसदेवच्या आकाशाखाली उभं राहून!

इंटरनेटवर कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाका, हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणात समोर येतो. पुण्याचं लोहगाव आणि सोलापूरचं होटगी रोड हे दोन विमानतळ घेतले, तर उत्तर मिळतं सुमारे २३८ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरून भागाकार केला की वेळ निघते १७ मिनिटं!

असा आकडा व्हॉट्सअॅपवर आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हडपसर ओलांडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो राव!"

गंमत म्हणून ठीक आहे. पण या आकड्यांतलं अंतर खरं असलं, तरी वेळ खरी नाही. आणि फरक दोन-चार मिनिटांचा नाही, चक्क दुपटी-तिपटीचा आहे. आपल्या गावाजवळ विमानतळ हवा की नको, सरकारने त्यावर पैसे खर्च करावेत की नाही, तिकीट काढावं की सरळ एसटी धरावी, हे सगळं या वेळेवर अवलंबून असल्याने हा हिशोब एकदा नीट समजून घेऊया.

त्यासाठी आपण एक गाव निवडलं आहे. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. उजनीच्या पाण्यात गेलेलं आणि पाणी ओसरलं की पुन्हा दर्शन देणारं पळसनाथाचं जुनं मंदिर जिथे आहे, तेच हे गाव. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्यामध्ये ते वसलेलं आहे. हेच गाव का, ते पुढे कळेलच.

हवाई अंतर म्हणजे नेमकं काय?

हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधलं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वात कमी अंतर. गोल चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यात दोरा ताणून धरला, तर तो दोरा जो मार्ग घेईल तोच हा मार्ग. अंतर फार लांबचं असेल तर सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. म्हणूनच भारतातून न्यूयॉर्कला जाणारी विमानं नकाशावर उगाच उत्तरेला वळसा घालून गेल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात तो वळसा नसतो, तोच जवळचा रस्ता असतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मात्र हा फरक इतका छोटा असतो, की नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तरी चालतं.

आता खरंच पट्टी घ्या. तिचं एक टोक मुंबई विमानतळावर ठेवा, दुसरं सोलापूर विमानतळावर. या दोघांमधलं अंतर भरतं सुमारे ३६२ किलोमीटर. आणि गंमत अशी, की ही रेघ जवळजवळ बरोब्बर पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून जाते! मुंबई ते पुणे १२४ किलोमीटर आणि पुणे ते सोलापूर २३८ किलोमीटर, बेरीज ३६२. म्हणजे हे तिन्ही विमानतळ एकाच सरळ रेषेत आहेत.

ही रेघ पुढे बारामतीच्या उत्तरेकडून इंदापूरकडे सरकते. पळसदेव या रेघेपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. रस्त्याने पाहिलं तरी पळसदेव पुणे आणि सोलापूर यांच्या साधारण मध्यावर येतं. दोन्ही बाजूंना सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

थोडक्यात, मुंबई-सोलापूर हवाई मार्गाखाली राहणारं आणि दोन्ही विमानतळांपासून लांब असलेलं हे गाव आहे. विमानाच्या वेळेचं गणित तपासायला याहून चांगली जागा कुठली?

मग १७ मिनिटांत गडबड कुठे आहे?

गडबड भागाकारात आहे. अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळते, हे शाळेतलं सूत्र बरोबरच आहे. पण ते एकाच वेगाने जाणाऱ्या वस्तूला लागू होतं. ताशी ८५० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा खूप उंचीवर, सरळ उडतानाचा वेग आहे. जवळच्या प्रवासात विमान त्या वेगाने फारच थोडा वेळ उडतं.

समजा मुंबईहून निघालेलं विमान सोलापूरला जाताना सात किलोमीटर उंचीवर जातं. तिथपर्यंत चढायला त्याला साधारण ११० किलोमीटर अंतर लागतं. मोटार घाट चढताना जशी संथ होते, तसाच चढतीच्या काळात विमानाचा पुढे जाण्याचा वेगही कमी असतो.

आता उतरण्याचं पाहू. प्रवासी विमान धप्पकन खाली येत नाही. साधारण तीन अंशांच्या उताराने ते सावकाश खाली येतं. तीन अंशांचा उतार म्हणजे एक किलोमीटर खाली यायला १९ किलोमीटर पुढे जावं लागतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे अर्धा किलोमीटर उंच आहे. म्हणजे सात किलोमीटर उंचीवरच्या विमानाला साडेसहा किलोमीटर उतरायचं आहे. साडेसहा गुणिले १९, उत्तर येतं सुमारे १२४ किलोमीटर.

आणि मुंबई-सोलापूर रेघेवर पळसदेवच्या समोरून सोलापूर विमानतळ किती लांब आहे? सव्वाशेच्याच आसपास!

म्हणजे आपल्या उदाहरणातलं विमान पळसदेवजवळ पोहोचेपर्यंत उतरायला लागलेलं असेल. सोलापूर अजून दिसतही नाही, पण वैमानिकाच्या दृष्टीने प्रवासाचा शेवटचा टप्पा सुरू झालेला असतो. ३६२ किलोमीटरमधले ११० चढण्यात आणि १२४ उतरण्यात गेले. पूर्ण उंचीवर सरळ उडायला उरले फक्त १२८ किलोमीटर.

पुणे-सोलापूरचं तर विचारूच नका. एकूण अंतरच २३८ किलोमीटर. सात किलोमीटर उंची गाठायची म्हटली, तर चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू करावं लागेल. म्हणून इतक्या जवळच्या प्रवासात विमान कमी उंचीवरूनच नेतात. तिथे हवा दाट असते, त्यामुळे वेगही कमी आणि इंधनही जास्त.

तिकिटावरची वेळ कशी ठरते?

विमान कंपन्या वेळ मोजतात ती 'ब्लॉक टाइम'ने. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि पोहोचल्यावर पुन्हा जागेवर उभं राहिलं की थांबतं. हवेतला वेळ हा त्यातला फक्त एक भाग असतो.

मुंबई-सोलापूरचा अंदाजे हिशोब असा मांडता येईल.

- मुंबईत जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं: १५ मिनिटं
- उड्डाण आणि चढणं: १५ मिनिटं
- उंचीवर सरळ उडणं: १० मिनिटं
- उतरणं: १८ मिनिटं
- धावपट्टीच्या दिशेला वळून प्रत्यक्ष जमिनीवर टेकणं: ४ मिनिटं
- सोलापुरात धावपट्टीवरून जागेवर येणं: ३ मिनिटं

बेरीज झाली ६५ मिनिटं. नुसता भागाकार केला असता तर उत्तर आलं असतं २६ मिनिटं. याच पद्धतीने पुणे-सोलापूरचा हिशोब मांडला, तर १७ मिनिटांचे पाऊण तासाहून थोडे जास्त होतात.

या वेळेत कमी-जास्त होण्याची कारणंही आहेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी बिनधास्त विमानं सोडता येत नाहीत. परतीच्या प्रवासात गर्दी असेल तर विमानाला हवेतच घिरट्या घालाव्या लागतात. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथली लष्करी उड्डाणंही सांभाळावी लागतात. शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेघेने जातंच असं नाही. ठरलेले हवाई मार्ग आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना यांप्रमाणे ते थोडं इकडे-तिकडे होतं.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. समजा विमानाचा वेग ताशी ७०० आणि वाऱ्याचा ६० किलोमीटर आहे. तर सोलापूरकडे जाताना ७६० मिळतात आणि मुंबईकडे येताना ६४०. ३६२ किलोमीटरसाठी हा फरक पडतो पाचेक मिनिटांचा. अमेरिकेच्या प्रवासात हाच वारा तासाभराचा फरक पाडू शकतो, इथे मात्र तो किरकोळ ठरतो.

जेट घ्यावं की पंख्याचं विमान?

सोलापूरकरांनी दोन्ही पाहिली आहेत. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ कंपनीची गोवा-सोलापूर सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ विमानाने. हे दोन मोठे पंखे असलेलं टर्बोप्रॉप विमान. नंतर १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरची मुंबई-सोलापूर सेवा सुरू झाली, ती एम्ब्रेअर १७५ या जेट विमानाने.

एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, जेटचा त्याच्या दीडपट किंवा अधिक. पण गोव्याच्या मोपा विमानतळापासून सोलापूर सुमारे ३०५ किलोमीटर आहे. एवढ्या छोट्या अंतरात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. कागदावर पंधरा-सोळा मिनिटांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात दहाच्या आत येतो. इंधन मात्र एटीआरला बरंच कमी लागतं, आणि ते तुलनेने छोट्या धावपट्टीवरूनही उडतं. म्हणूनच जवळच्या, छोट्या शहरांच्या मार्गांवर जगभर अशी पंख्याची विमानं दिसतात. "पंखा दिसतोय म्हणजे विमान जुनं" हा समज डोक्यातून काढून टाका!

धावपट्टी असली म्हणून विमान येतंच असं नाही

सोलापूरला विमानतळ अनेक वर्षांपासून आहे. मध्यंतरी किंगफिशर कंपनीची मुंबईसाठीची सेवा काही काळ चाललीही. पण नंतर लोकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. त्यात एक मोठा मुद्दा होता सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीचा.

चिमणी आणि विमान यांचा संबंध त्याच तीन अंशांच्या उताराशी आहे. धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर असलेलं विमान जमिनीपासून फक्त १०५ मीटरच्या आसपास उंच असतं. एक किलोमीटरवर ते ५२ मीटरवर येतं. अशा पट्ट्यात उंच चिमणी असेल तर ती अडथळाच ठरते. कारखान्याचे सभासद आणि कामगार एका बाजूला, विमानसेवा मागणारे नागरिक दुसऱ्या बाजूला, असा हा वाद बराच काळ चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण केलेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या वर्षी विमान आलं.

पण अजून एक प्रश्न उरतो, पैशांचा. चढण्यात सर्वात जास्त इंधन जळतं. प्रवास ३६२ किलोमीटरचा असो वा १,२०० किलोमीटरचा, चढावं तर लागतंच. विमानतळाचं शुल्क आणि जमिनीवरची कामंही तेवढीच असतात. त्यामुळे जवळचा प्रवास दर किलोमीटरला महाग पडतो. तिकीट परवडावं म्हणून हा फरक सरकार भरतं. केंद्राच्या 'उडान' योजनेमागे हाच विचार आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्लीसोबत सुरू झालेल्या पहिल्या उडान सेवांमध्ये आपलं नांदेड-हैदराबादही होतं. सोलापूरच्या बाबतीत राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सोलापूर-पुणे-मुंबई मार्गासाठी प्रति आसन ३,२४० रुपयांचा निधी मंजूर केला. म्हणजे जो कधीच विमानात बसणार नाही, त्याचाही हातभार या तिकिटाला लागतो. पळसदेवच्या शेतकऱ्याचाही.

मग पळसदेवकराला विमानाचा उपयोग किती?

आता मुख्य हिशोब. घरातून निघून मुंबई विमानतळाबाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्यात चार गोष्टी येतात: विमानतळापर्यंतचा रस्ता, तिथे आधी पोहोचण्याचा वेळ, तिकिटावरची वेळ आणि उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडणं. शेवटच्या तीन गोष्टी सगळ्यांना सारख्याच. सव्वा तास आधी पोहोचणं, ६५ मिनिटांचं विमान आणि बाहेर पडायला ४० मिनिटं, मिळून बरोबर तीन तास. फरक पडतो तो फक्त पहिल्या गोष्टीत.

सोलापूर शहरातला माणूस: विमानतळ २० मिनिटांवर. एकूण ३ तास २० मिनिटं. १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतला साधारण साडेसहा तास लागतात. म्हणजे तीन तासांची घसघशीत बचत. सकाळी निघून काम उरकायचं असेल, रुग्णाला मुंबईला न्यायचं असेल, तर या तीन तासांची किंमत फार मोठी आहे.

मोहोळचा माणूस: पाऊण तासात विमानतळ. एकूण पावणेचार तास. रस्त्याने मुंबईला सात तासांच्या आसपास. फायदा आहेच.

टेंभुर्णीचा माणूस: विमानतळापर्यंत पावणेदोन तासांच्या जवळपास. एकूण पावणेपाच तास. रस्त्याने सव्वासहा तास. बचत दीड तास, पण गाडी उलट दिशेला दामटावी लागते.

पळसदेवचा माणूस: सोलापूर विमानतळ अडीच तासांवर. एकूण साडेपाच तास. आणि थेट रस्त्याने मुंबई? पुण्यापर्यंत सुमारे १२०, पुढे दीडशे, असे २७० किलोमीटर. वाहतूक बरी असेल तर तेवढेच साडेपाच तास!

म्हणजे मुंबईला जाण्यासाठी सोलापूरच्या विमानतळाचा फायदा पळसदेवच्या आसपास येऊन संपतो. इथला माणूस अडीच तास पूर्वेला जाणार, विमानात बसणार आणि थोड्याच वेळात जवळपास आपल्याच शेतावरून पश्चिमेला जाणार. वेळेची बचत शून्य, खर्च मात्र दोन्हीकडचा. पळसदेवच्या पश्चिमेला, भिगवण-दौंडकडे, तर हा सौदा थेट तोट्यातच जातो.

बारामती आणि पुरंदरचं काय?

पळसदेवपासून सर्वात जवळची धावपट्टी बारामतीची. सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. पण तिथला वापर मुख्यतः वैमानिक प्रशिक्षणासाठी आणि खासगी विमानांसाठी होतो. तिथून प्रवासी सेवा का नाही, याचं अर्धं उत्तर आता तुम्हीच काढू शकता. बारामतीहून लोहगाव विमानतळ हवाई मार्गाने सुमारे ८० किलोमीटर आणि मुंबई २०५ किलोमीटर. एवढ्या अंतरात विमान नुसतं चढणार आणि उतरणार. वरचे तीन तास मात्र कमी होणार नाहीत. तेवढ्या वेळात बारामतीचा माणूस मोटारीने पुण्याच्या पुढे गेलेला असतो.

पुरंदर तालुक्यातल्या नियोजित विमानतळाची गोष्ट वेगळी आहे. तो झाला तर दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता अशा लांबच्या प्रवासासाठी दौंड-इंदापूरच्या लोकांना पुणे शहराची गर्दी ओलांडावी लागणार नाही, आणि लांबच्या प्रवासात विमानाची बचत खरोखर मोठी असते. पण तो विमानतळ सात गावांच्या जमिनीवर आखलेला आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांचा विरोधही तितकाच खरा आहे. कुणाचे किती तास वाचणार आणि कुणाची किती जमीन जाणार, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच त्यावर बोलायला हवं.

लक्षात ठेवायचं सोपं सूत्र

पुढच्या वेळी "अमुक ते तमुक फक्त २० मिनिटांत" अशी पोस्ट आली, तर एवढंच करा.

१. हवाई अंतर घ्या. ताशी ७०० किलोमीटरने भागा.
२. आलेल्या उत्तरात अर्धा तास मिळवा. साधारण तिकिटावरची वेळ मिळेल. मोठ्या, गर्दीच्या विमानतळासाठी पाच-दहा मिनिटं आणखी.
३. त्यात दोन तास मिळवा. हे आधी पोहोचण्याचे आणि बाहेर पडण्याचे.
४. शेवटी तुमच्या घरापासून विमानतळापर्यंतचा आणि उतरल्यावर मुक्कामापर्यंतचा रस्ता मिळवा.

ही बेरीज रेल्वेच्या किंवा मोटारीच्या वेळेशी ताडून पाहा. पुणे-सोलापूरसाठी करून पाहिली, तर पन्नास मिनिटांच्या विमानाचे घरापासून घरापर्यंत साडेतीन तास सहज होतात. रस्त्याने चार-साडेचार तास लागतात. म्हणजे फायदा थोडासाच, आणि तोही दोन्ही टोकांना विमानतळाजवळ राहणाऱ्यांनाच. विमानसेवेचे दिवस आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी कंपनीचं ताजं वेळापत्रक जरूर बघा.

हवाई अंतर सगळ्यांसाठी एकच असतं. विमानतळ मात्र प्रत्येकाच्या दारापासून वेगळ्या अंतरावर असतो, आणि प्रवास किती वेळाचा हे शेवटी तेच अंतर ठरवतं.

तुमच्या गावापासून सर्वात जवळचा विमानतळ किती लांब आहे? हे सूत्र वापरून मुंबईचा हिशोब काढा आणि कमेंटमध्ये नक्की सांगा. माहिती आवडली तर त्या "१७ मिनिटं" पाठवणाऱ्या मित्रालाही हा लेख पाठवायला विसरू नका!